धक्का एकच, माना दोन

मागच्या हिवाळ्यात, ऊसतोडीच्या ऐन दिवसांत, माझी धाकटी बहीण, दाजी आणि सहा वर्षांची भाची जालन्याहून छत्रपती संभाजीनगरला आमच्याकडं येत होते. शहरात शिरल्यावर जालना रोडवरच्या एका सिग्नलला गाडी थांबली. मागून भाजीचे क्रेट भरलेला पिकअप आला. ड्रायव्हरनं ब्रेक मारला होता, पण गाडी घसरलीच आणि धप्प करून मागं आदळली. आदळताना पिकअपचा वेग फार तर ताशी १२ किलोमीटर असेल. सायकलवर रमतगमत जाणाऱ्या माणसाचा असतो तेवढा.

पिकअपवाला खाली उतरला. बंपरवरून बोट फिरवलं, धूळ पुसली. "काहीच झालं नाही ओ मामा, नुसतं घासलंय." आणि खरंच, एक रेघोटी सोडली तर बंपर जसाच्या तसा होता. मागचे लोक हॉर्न वाजवत होते. दाजींनी हात केला आणि विषय मिटवला. रात्री आम्ही सगळे हसतखेळत जेवलो.

सकाळी बहिणीला मान वळवता येईना. डोकं मागच्या बाजूनं ठणकत होतं, खांद्यापर्यंत ओढ लागली होती. दाजी मात्र ठणठणीत. मग घरोघरी होतं तेच झालं. आई म्हणाली, उशी उंच झाली असेल. कुणी म्हणालं, रात्री गार वारं लागलं. पिकअपचा धक्का आठवला तेव्हा दाजी म्हणाले, "गाडी तीच, धक्का तोच, मला काही नाही, बंपरला काही नाही. मग हिच्याच मानेला कसं काय झालं?"

त्यांना बायकोवर शंका नव्हती घ्यायची, पण प्रश्न रास्त होता. मी डॉक्टर नाही. आयुष्यभर पॉलिटेक्निकच्या पोरांना यंत्रशास्त्र शिकवलं. तरी उत्तराचा मोठा भाग माझ्याच विषयात निघाला, म्हणून हा लेख.

आपल्याकडं मान धरली, लचकली, उसण भरली असं म्हणतात. मागून गाडी धडकल्यानं हे झालं तर डॉक्टर 'व्हिपलॅश' म्हणतात. व्हिप म्हणजे आसूड. अमेरिकेतले अस्थिरोगतज्ज्ञ हॅरोल्ड क्रो यांनी १९२८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका वैद्यकीय सभेत हा शब्द वापरला. त्यांना फक्त हालचालीचं वर्णन करायचं होतं. लोकांनी ते आजाराचंच नाव करून टाकलं, याची खंत त्यांनी पुढं बोलूनही दाखवली. त्याच्याही आधी, मोटारी नव्हत्या तेव्हा, इंग्लंडमध्ये रेल्वेच्या टकरीतून धडधाकट बाहेर पडलेले प्रवासी काही दिवसांनी पाठ-मान दुखते म्हणून कोर्टात जायचे. जॉन एरिकसेन नावाच्या शल्यविशारदानं १८६६ मध्ये त्यावर पुस्तकच लिहिलं. म्हणजे 'दिसत तर काही नाही, मग दुखतंय कसं' हा वाद दीडशे वर्षांहून जुना आहे. दाजी एकटे नाहीत.

आसूड म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढं पोतराज येतो. तो मुठीला हिसका देतो, मूठ थांबते आणि मग टोक सळसळत जाऊन फाट्कन वाजतं. हालचाल बुडापासून शेंड्याकडं जाते, आणि शेंडा उशिरा निघून बुडाला मागं टाकतो. एवढ्यापुरती उपमा बरोबर आहे. पण मानेत नेमकं काय होतं ते समजायला आसडापेक्षा उतरंड बरी.

जुन्या घरात कोपऱ्यात मडक्यांची उतरंड असायची. मान म्हणजे सात मणक्यांची उतरंड, आणि वर साडेचार-पाच किलोचं डोकं. भरलेल्या घागरीएवढं नाही, पण चांगल्या कलिंगडाएवढं. आता उतरंडीला हात न लावता तिच्या खालचा पाट झटकन पुढं ओढला, तर काय होईल? तळातलं मडकं पाटाबरोबर पुढं जाईल. वरचं मडकं होतं तिथंच राहू पाहील. मधली मडकी तिरकी होतील.

थांबलेल्या गाडीला मागून धक्का बसला की गाडी पुढं ढकलली जाते, गाडीबरोबर सीट आणि सीटबरोबर पाठ. डोक्याला मात्र कुणीच ढकललेलं नसतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं डोकं मागं फेकलं गेलं. खरं तर डोकं जागेवरच असतं, त्याच्याखालून धडच पुढं निघून गेलेलं असतं.

लोकांना, आणि बरीच वर्षं डॉक्टरांनाही, असं वाटायचं की मान सीटच्या काठावरून मागं मोडते आणि तिथं इजा होते. पण मान आधी मोडत नाही, आधी ती इंग्रजी 'एस' अक्षरासारखी वाकडी होते. खालचे मणके मागच्या बाजूला वाकतात, त्याच वेळी वरचे पुढच्या बाजूला. येल विद्यापीठात मनोहर पंजाबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात मृतदेहांच्या मानेवर प्रयोग करून हे दाखवलं. धक्क्यानंतरच्या पहिल्या ५० ते ७५ मिलिसेकंदांत हा आकार येतो. त्या क्षणी खालच्या मणक्यांचे मागचे छोटे जोडसांधे, ज्यांना डॉक्टर फॅसेट सांधे म्हणतात, एकमेकांवर दाबले जातात आणि त्यांच्याभोवतीची पातळ पिशवी ताणली जाते. पूर्ण मान पाहिली तर ती फारशी मागं गेलेलीच नसते. पण एकेका सांध्याला त्याच्या मर्यादेपलीकडं वळावं लागलेलं असतं.

"मी मान घट्ट धरली होती," असं बरेच जण सांगतात. धडकेनंतर मानेचे स्नायू जागे व्हायलाच साधारण ७० ते १०० मिलिसेकंद लागतात, आणि जोर धरायला त्याहून थोडे जास्त. म्हणजे स्नायू तयार होईपर्यंत 'एस' होऊन गेलेला असतो. पापणी लवते न लवते तोच सगळा खेळ आटोपतो. पण दाजींची गोष्ट वेगळी होती, त्याकडं येतोच.

आधी बंपर. बंपर सुखरूप म्हणजे धक्का किरकोळ, हा हिशेब सगळ्यांनाच पटतो आणि तिथंच फसगत होते.

पत्रा चेपतो तेव्हा दोन गोष्टी होतात: धडकेतली ऊर्जा पत्रा वाकवण्यात खर्च होते, आणि धक्का थोड्या जास्त वेळात पसरतो. पत्रा चेपलाच नाही तर? हळू धडकेत आजचे बंपर दबतात आणि परत उसळतात, रबरी चेंडूसारखे. उसळी म्हणजे पुढच्या गाडीला मिळालेला जादा ढकला. दाजींच्या गाडीचंच गणित मांडतो. भरलेला पिकअप अडीच टन धरू, माणसांसह दाजींची गाडी १.१ टन. ताशी १२ नं आदळून दोन्ही गाड्या चिकटून पुढं सरकल्या असत्या, तर दाजींची गाडी शून्यावरून सुमारे ८ वर गेली असती. पण बंपर उसळला. उसळी मध्यम धरली तरी आकडा साडेदहाच्या पुढं जातो. म्हणजे पिकअपच्या वेगाच्या जवळपास.

मानेसाठी हाच आकडा मोलाचा: आपल्या गाडीचा वेग त्या क्षणात किती बदलला. मागचा किती जोरात आला हे त्यामानानं कमी महत्त्वाचं. त्याच वेगानं, ताशी १२ नं, डबलसीट मोटरसायकल आदळली असती तर दाजींच्या गाडीचा वेग जेमतेम ३ नं वाढला असता. तेवढ्याच वजनाची कार असती तर ८ च्या आसपास. आणि १५ टनांची भरलेली एसटी असती तर १४ च्या वर. बस १२ नं आली आणि गाडी १४ नं उडाली, हे वर्गात पोरांनाही पटायचं नाही. कॅरमची सोंगटी आठवा म्हणायचो. जड स्ट्रायकरनं हलकी सोंगटी मारली की सोंगटी स्ट्रायकरपेक्षा जोरात पळते. आपल्याकडच्या रस्त्यांवर हिवाळाभर उसाच्या ट्रॉल्या, कापसाचे ट्रक, पिकअप आणि छोट्या कार एकाच लेनमध्ये असतात. सोंगट्या आपणच.

वेगाइतकाच महत्त्वाचा म्हणजे तो वेग किती वेळात बदलला. अशी धडक साधारण सेकंदाच्या दहाव्या हिश्शात उरकते. साडेदहाचा बदल तेवढ्या वेळात म्हणजे सरासरी ३ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या तिप्पट त्वरण. तोच बदल दीडपट वेळात झाला तर २ जी. गाडीचं मागचं अंग जितकं कडक, तितका वेळ कमी आणि हिसका मोठा. स्वीडनच्या विमा नोंदींत गाडीला मागं ट्रेलर ओढायचा लोखंडी दांडा असेल तर मानेच्या लांबलेल्या दुखण्याचा धोका साधारण पाचव्या हिश्शानं जास्त दिसला, कारण दांडा थेट चासीला जोडलेला असतो आणि मधला मऊपणा निकामी करतो. आता आपल्याकडं हौसेनं लावतात ते लोखंडी गार्ड आठवा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून असे क्रॅश गार्ड बेकायदा असल्याचं सांगितलं होतं. तरी गॅरेजवाला आजही विचारतो, "साहेब, मागं-पुढं गार्ड टाकायचा का? बंपरला ओरखडा येणार नाही." बंपरला येणार नाही, हे अगदी खरं.

गाडीला जेवढा हिसका बसतो तेवढाच डोक्याला बसत नाही, हे आणखी एक. १९५५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी ताशी साधारण १३ किलोमीटरनं मागून धडक देऊन मोजलं. गाडीला २ जी, तर तिच्यात बसलेल्याच्या डोक्याला ५ जी. सीट आधी स्प्रिंगसारखी दबते, मग ढकलते, आणि उशिरा निघालेल्या डोक्याला धडाला गाठायला जास्त जोरात पळावं लागतं. पोतराजाच्या आसडाचं टोकच.

मग आता दोन माना. दाजींच्या आणि बहिणीच्या सीटमध्ये दीड हात अंतर. दोघांना गाडीकडून मिळालेला धक्का तंतोतंत एकच. फरक गाडीच्या आत होता.

पहिला फरक हेडरेस्टचा. दाजी उंच, त्यांनी गाडी घेतली तेव्हाच हेडरेस्ट वर ओढून बसवलेलं. बहिणीच्या बाजूचं अगदी खाली, आणि त्याला पर्स अडकवलेली. त्या नावात 'रेस्ट' असल्यानं आपण त्याला डोकं टेकायची गादी समजतो. ते डोकं अडवायला असतं. उतरंडीचा पाट पुढं ओढताना वरच्या मडक्यामागंही कुणी हात धरून तेवढंच पुढं ढकललं, तर मधली मडकी तिरकी होणार नाहीत. हेडरेस्ट म्हणजे तो हात. पण हात वरच्या मडक्याच्या मागं हवा आणि जवळ हवा.

अमेरिकेत १ जानेवारी १९६९ पासून नव्या कारना पुढच्या सीटवर हेडरेस्ट सक्तीचं झालं. वाटलं होतं, मानेची दुखणी संपली. १९८२ मध्ये सरकारनं हिशेब मांडला, तर सीटशी अखंड असलेल्या हेडरेस्टनं इजा १७ टक्क्यांनी कमी झाली होती आणि वर-खाली होणाऱ्यानं फक्त १० टक्क्यांनी. वर-खाली होणारं लोकांनी खालीच ठेवलं होतं! माणूस इथून तिथून सारखाच. दुसरं कारण पुढं कळलं: हेडरेस्ट उंच असूनही लांब असेल तर डोकं त्याच्यापर्यंत पोचेस्तोवर तो 'एस' घडून गेलेला असतो.

म्हणून मापं दोन. हेडरेस्टचा वरचा काठ टाळूच्या बरोबरीनं असावा; नाहीच झालं तर टाळूपासून दोन-अडीच इंचांपेक्षा खाली नको. आणि डोक्यामागची फट चार बोटांपेक्षा कमी. चार बोटं आडवी धरली की साधारण सात सेंटिमीटर होतात; अमेरिकेतली विमा कंपन्यांची संशोधन संस्था चांगल्या हेडरेस्टची हद्दही तेवढीच धरते. दहाच्या पुढं फट गेली की हेडरेस्ट असून नसल्यासारखं. सीट आडवी पाडून आरामात बसलात की फट वाढते. स्टीअरिंगवर ओणवं होऊन सिग्नलचे आकडे बघत राहिलात की वाढते. बाजारात मिळणारी मऊ उशी बहुतेकदा मानेच्या खोबणीत बसते, डोक्याच्या मागं नाही. ती तो हात होऊ शकत नाही. आणि तुळजापूर-पंढरपूरच्या लांबच्या प्रवासाला पोरांना आडवं होता यावं म्हणून हेडरेस्ट उपसून डिकीत टाकणारे माझ्या नात्यात किमान चार जण आहेत.

यावर कंपन्यांनी डोकंही लढवलंय. साबनं १९९७ मध्ये असं हेडरेस्ट आणलं की पाठ सीटमध्ये दाबली गेली की ते आपोआप वर आणि पुढं येतं. व्होल्वोनं १९९८ मध्ये धडकेत पाठच थोडी मागं सरकून धक्का गिळणारी सीट दिली. दोन्हींनी मानेच्या तक्रारी खरोखरच घटल्या. युरोपात गाड्यांना सुरक्षेचे तारे देताना मागच्या धडकेत मानेचं काय होतं तेही बरीच वर्षं तपासतात. आपल्याकडं असे तारे देणाऱ्या भारत एनकॅपची २०२३ मध्ये सुरुवात झाली तेव्हा समोरची, बाजूची आणि खांबाची धडक होती, मागून बसणाऱ्या हिसक्याची परीक्षा नव्हती. म्हणजे त्या पाच ताऱ्यांना बहिणीच्या मानेबद्दल काही सांगता आलं नसतं.

दुसरा फरक मान वळलेली असण्याचा. धक्का बसला त्या क्षणी बहीण मागं वळून भाचीला पाण्याची बाटली देत होती. वळलेल्या मानेत एका बाजूच्या सांध्यांच्या पिशव्या आधीच पिळलेल्या असतात. ओला कपडा पिळून धरला आणि मग हिसडला तर धागा लवकर उसवतो, तसं. प्रयोगांत वळलेल्या मानेत त्या पिशवीवरचा ताण सरळ मानेच्या जवळपास दुप्पट मोजला गेलाय. शिवाय वळल्यामुळं डोकं हेडरेस्टपासून लांब गेलं, ते वेगळंच. माझ्या मते त्या दिवशीचं सगळ्यात मोठं कारण हेच होतं. तिनं काही चूक केली नव्हती; सिग्नलला थांबल्यावर आई मागं वळणारच.

तिसरा फरक, दाजींनी आरशात पिकअप येताना पाहिला होता. मघाशी म्हटलं स्नायूंना वेळ मिळत नाही, ते बेसावध माणसाचं. एक-दोन सेकंद आधी कळलं तर माणूस नकळत पाठ-डोकं मागं टेकवतो, खांदे आवळतो, ब्रेक दाबतो. दाजींनी तेच केलं होतं. फट शून्य, मान सरळ, स्नायू आधीच ताणलेले. (ब्रेकनं वेगातला बदल फार कमी होत नाही, पण पुढच्या गाडीवर जाऊन आदळणं टळतं.)

चौथा फरक बाई असण्याचा, आणि यावर बोलायला लोक कचरतात. निरनिराळ्या अभ्यासांत अशा धडकेत स्त्रियांना मानेच्या इजेचा धोका पुरुषांच्या दीडपट ते तिप्पट दिसलाय. बायका नाजूक किंवा कुरकुऱ्या असतात म्हणून हे होत नाही. डोक्याचं माप तेवढंच असलं तरी त्यांच्या मानेचे मणके लहान असतात, स्नायूंचा जोर कमी असतो, वजन कमी असल्यानं सीट त्यांना वेगळ्या तऱ्हेनं ढकलते. आणि सीट बनवली कुणाला बसवून? मागच्या धडकेच्या चाचणीत जो पुतळा वापरतात तो सरासरी पुरुषाच्या मापाचा, साधारण ७८ किलोचा. स्वीडनमध्ये अ‍ॅस्ट्रिड लिंडर यांच्या गटानं सरासरी बाईच्या मापाचा पुतळा २०२२ मध्ये लोकांपुढं आणला. तोवर निम्मी माणसं हिशेबातच नव्हती. पत्नीचा ब्लाउज नवऱ्याच्या मापावर बेतून 'घट्ट कसा होतोय' म्हणण्यासारखं हे.

मागं बसलेली भाची? हसत होती. पुढच्यांच्या मानानं मागच्या सीटवर हा धोका अभ्यासांत कमीच आढळतो. तिला धक्का म्हणजे जत्रेतला पाळणा वाटला.

सीटबेल्टचं एक मात्र सांगतो, कारण अर्धवट माहिती फिरते. मागच्या धडकेत बेल्टनं मानेची इजा टळत नाही, उसळून पुढं येताना छातीला अडकल्यानं मानेवर थोडा जास्त ताणही येऊ शकतो. पण पुढची धडक कोणती असेल हे आपण ठरवत नाही. बेल्ट लावायचाच.

एवढं सगळं ऐकून दाजी म्हणाले, "म्हणजे मागून टेकलं की मान गेलीच?" नाही. दुसऱ्या बाजूलाही खूप काही आहे, आणि ते मला जास्त रंजक वाटतं.

कॅनडातल्या संशोधकांनी १९९८ मध्ये ४२ धडधाकट स्वयंसेवकांना गाडीत बसवून मागून धडका दिल्या. वेगातला बदल फक्त ताशी ४ होता तेव्हा सुमारे २९ टक्क्यांना मान किंवा डोकं दुखलं, ८ होता तेव्हा ३८ टक्क्यांना. दुखणं तात्पुरतं होतं. म्हणजे 'इतक्या वेगाखाली काहीच होत नाही' अशी लक्ष्मणरेषा नाही, आणि त्या वेगाला बहुतेकांना काही होतही नाही. जर्मनीत तर आणखी गंमत केली. ५१ जणांना गाडीत बसवलं, काच फुटल्याचे, धडकेचे आवाज दिले, गाडी किंचित हलवली, पण धडक दिलीच नाही. तरी पुढच्या तीन दिवसांत ९ जणांची मान-डोकं दुखलं. आता हे खोटारडे म्हणायचे का? अजिबात नाही. मान तर आपली एरवीही दुखते. धडक झाली असं वाटलं की आपण तिच्याकडं लक्ष देतो, भितो, मान आखडून धरतो, आणि आखडलेली मान खरोखर दुखते.

लिथुआनियात १९९६ मध्ये मागून धडक बसलेल्या २०२ जणांना एक ते तीन वर्षांनी गाठलं. तिथं तेव्हा अशा दुखण्याचे दावे करायची रीत नव्हती आणि 'व्हिपलॅश म्हणजे जन्माचं दुखणं' ही समजूतही नव्हती. धडक न बसलेल्यांपेक्षा त्यांची मान जास्त दुखत नव्हती. कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतानं १९९५ मध्ये दुखण्याबद्दल भरपाई देणं थांबवल्यावर दावे साधारण २८ टक्क्यांनी घटले आणि लोक लवकर बरेही झाले. उलट बाजूला, ऑस्ट्रेलियात निकोलाय बोगडुक आणि सहकाऱ्यांनी महिनोन्‌महिने मान दुखणाऱ्यांच्या फॅसेट सांध्यांच्या नसा बधिर करून पाहिलं, कुणाला खरं औषध दिलं हे रुग्णाला कळू न देता. निम्म्याहून जास्त जणांचं दुखणं खरोखर त्या सांध्यांतून येत होतं. एमआरआयमध्ये मात्र ते दिसत नाही.

मला दोन्ही पटतं. इजा खरी असते, आणि ती किती दिवस रेंगाळते हे इजेइतकंच पहिल्या काही दिवसांत माणसाशी कसं वागलं जातं यावरही ठरतं. आपल्याकडं भरपाईच्या लोभाचा प्रश्न क्वचितच येतो. आपल्याकडं उलटं होतं: 'बंपरला काही नाही, मग तुला काय झालं' असं ऐकून बाई गप्प बसते, मान आखडून कामं रेटते. अविश्वासानंही दुखणं लांबतं.

डॉक्टरांनी बहिणीला तपासून गळपट्टा दिला नाही, याचं आईला आश्चर्य वाटलं. पूर्वी आठवडेच्या आठवडे पट्टा लावायचे. आता साध्या दुखण्यात उलट सांगतात: दुखणं सोसवेल तितकी मान हलवत राहा, रोजची कामं करा, लागलं तर साधं वेदनाशामक घ्या. आडवं पडून राहिलं की मान जास्त आखडते. दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढणंही नेहमीचं. सूज आणि आखड यायला वेळ लागतो, म्हणून 'तेव्हाच का नाही सांगितलं' या प्रश्नाला अर्थ नाही.

पण काही खुणा दिसल्या तर घरी थांबायचं नाही. हातापायांत मुंग्या, बधिरपणा किंवा जोर कमी वाटणं, मान दोन्ही बाजूंना ४५ अंशही न वळणं, मणक्याच्या बरोबर मध्यावर दाबल्यावर कळ, चक्कर, उलट्या, बोलणं अडखळणं. वय ६५ च्या पुढं असेल, बस-ट्रकनं ठोकलं असेल किंवा गाडी समोरच्या वाहतुकीत ढकलली गेली असेल, तर धडक 'साधी' धरत नाहीत. तपासून एक्स-रे किंवा सीटी स्कॅन लागतो का ते डॉक्टर ठरवतात.

आणि एक विनवणी. दाढी-कटिंग झाल्यावर मान कडाकड मोडून देणारे कारागीर आणि गावोगावचे लचक काढणारे यांच्याकडं अशा मानेनं जाऊ नका. मानेतून मेंदूकडं जाणाऱ्या रक्तवाहिन्यांपैकी दोन त्या मणक्यांच्या छिद्रांतूनच जातात. झटक्यानं त्यांचं आतलं अस्तर फाटू शकतं, मग प्रकरण मानेपुरतं राहत नाही. आमच्या शेजाऱ्यांनी बहिणीसाठी एक नामी माणूस सुचवलाही होता. आईनं चहा पाजून त्यांना वाटेला लावलं.

तीन आठवड्यांत तिची मान मोकळी झाली. भाऊबीजेला ते परत आले तेव्हा बसस्टँडवरून मला घ्यायला गाडी आली. पुढच्या सीटवर बसलो, मागं हात फिरवला, तर हेडरेस्ट पुन्हा तळाला. "सासूबाई बसल्या होत्या," बहीण मागून म्हणाली, "त्यांना पुढचं दिसत नाही म्हणून मीच खाली केलं होतं." तिनं मागून हात घालून बटण दाबलं आणि ते खटकन वर ओढलं. पर्स मांडीवर होती.